चुन्याची निवळी आणि टॉर्चची पाच डोकी

समुद्री मासे आणि प्रवाळांची टाकी ७५ गॅलनची, म्हणजे २८४ लिटर. खालचा सम्प (पंप-उपकरणांची जोडटाकी) धरून आणि दगडांनी अडवलेली जागा वजा करून प्रत्यक्ष पाणी २८० लिटरच्या आसपास. वय तीन वर्षं. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. दिवाणखान्यात, देव्हाऱ्यापासून चार हातांवर. रुग्ण: टॉर्च कोरल नावाचं प्रवाळ, शास्त्रीय नाव युफिलिया ग्लॅब्रेसेन्स. दोन वर्षांपूर्वी अंगठ्याएवढ्या देठावरचं एक डोकं (म्हणजे तोंड आणि हात असलेला एक जीव) आणलं होतं, त्याची आता पाच झाली आहेत.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आईला नायगारा दाखवून चार दिवसांनी घरी आलो. बॅगा दारात टाकून आधी टाकीपाशी. मासे ठणठणीत, काचेला तोंडं लावून खायला मागतायत. टॉर्च मात्र मिटलेली. एरवी तिचे बोटभर हात प्रवाहात भाताच्या तयार लोंब्यांसारखे एका अंगाला कलतात. आज नखाएवढेही बाहेर नाहीत.

पाणी तपासलं. तापमान ७८ फॅरनहाइट, खारटपणा ३५, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, कॅल्शियम ४३०. सगळं जागच्या जागी. अल्क ६.१! बुधवारी निघताना ८.५ होता.

अल्क, म्हणजे अल्कलिनिटी, हा पाण्यातल्या बायकार्बोनेटचा साठा. प्रवाळ सांगाडा बांधतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे त्याला हा साठा आणि कॅल्शियम दोन्ही लागतात, तेही ठरलेल्या प्रमाणात. अल्क २.८ डीकेएचने (हे अल्क मोजायचं एकक) उतरला की कॅल्शियम २० पीपीएमने (दशलक्षात २० भाग) उतरतं. म्हणजे आज कॅल्शियम सतरा-अठराने कमी दिसायला हवं होतं. ते तसूभर हललेलं नाही. अर्थ सरळ आहे: डोसिंग पंपाची (दोन्ही द्रावणं थोडी थोडी सोडणाऱ्या यंत्राची) कॅल्शियमची नळी चालू, अल्कची बंद. जाऊन पाहिलं तर अल्कच्या नळीचं टोक सम्पच्या पाण्यात बुडालेलं आणि त्यावर पांढरा खडा, अगदी गिझरच्या कॉइलवर धरतो तसा. टोक पाण्याला लागू द्यायचं नसतं, हे माहीत असूनही घाईत नळी क्लिपमध्ये नीट बसवली नव्हती.

टोक कापलं, नळी वर बांधली. खायचा सोडा २० ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवून सम्पमध्ये ओतला. तासाभराने मोजलं, ८.४. झोपलो.

२० ऑगस्ट, मंगळवार

अल्क दिवसाला १ पेक्षा जास्त चढवायचा नाही, हे मी स्वतः तीन नवख्यांना समजावून सांगितलेलं आहे. सांगताना आवाजही वडीलधाऱ्याचा लावला होता.

चार दिवसांत हळूहळू उतरलेला अल्क मी तासाभरात वर नेला. प्रवाळाला पहिला धक्का उतरण्याचा आणि दुसरा माझ्या उपचाराचा. मधल्या दोन डोक्यांच्या कडेला मांस सांगाड्यापासून सुटलंय, तिथे पांढरी किनार दिसते. नुकतंच मेलेलं असलं की इतकं पांढरं असतं. चार दिवसांत त्यावर शेवाळ धरतं.

आज काहीही घातलं नाही. हात खिशात.

२१ ऑगस्ट, बुधवार

सकाळी सव्वासहा. टाकीचे दिवे अजून लागले नव्हते. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर मधल्या एका डोक्यावर तपकिरी बुळबुळीत गोळा, नाचणीची आंबील घट्ट होऊन सांडावी तसा. ब्राऊन जेली. युफिलिया पाळणाऱ्याला ज्याची धास्ती असते ते हेच. एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायला याला दिवसही पुरा लागत नाही, आणि प्रवाहाबरोबर तुकडे उडाले तर शेजारच्या हॅमर कोरलवरही जाऊन बसतं.

ऑफिसला कळवून टाकलं, घरात आजारपण आहे.

आधी सम्पमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप आणि लाटा करणारे दोन्ही वेव्हमेकर बंद. पाणी निश्चल झाल्याशिवाय गोळ्याला हात लावायचा नाही, नाहीतर आपणच रोग पेरतो. मग मोठी पिचकारी, ज्याला इथे टर्की बास्टर म्हणतात. टर्की आमच्या घरात एकदाच शिजली आणि तीही चिवट झाली, पण पिचकारीने पैसे वसूल केले. टोक गोळ्याला जेमतेम टेकवून हलकेच ओढून घेतलं. गोळा तुटत नाही, शेंबडासारखा लांबत येतो. तो निघाल्यावर खाली डोकं उरलंच नव्हतं, नुसता सांगाडा आणि त्यात अडकलेल्या मांसाच्या दोन चिंध्या.

मग अख्खी टॉर्च दगडावरून सोडवून बादलीत, तळघरात. पाण्याबाहेर आल्याबरोबर वास सुटला. आई जिन्यात उभी होती, तिथूनच म्हणाली, "भरती ओसरल्यावर खाजणाला येतो तसा वास येतोय रे." देवगडची ती, तिला बरोबर कळलं.

लेकीचा शाळेचा मायक्रोस्कोप मागून घेतला. जेलीचा थेंब काचेवर. शंभरपट मोठं करून पाहिलं तर नुसती लगबग. लांबट, केसाळ कडांचे एकपेशीय जीव इकडून तिकडे धावतायत आणि कितीकांच्या पोटात तपकिरी ठिपके. हे सिलिएट. ठिपके म्हणजे प्रवाळाच्या मांसात राहणारी, उन्हावर त्याला जेवू घालणारी शेवाळं. मांस खाताना ती आख्खी गिळली गेलेली. हे सिलिएट रोगाचं मूळ आहेत की जखमेवर आलेल्या माश्या, यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही. बरोबरीने बॅक्टेरियाही असतात. लेकीने पाहून घेतलं आणि नाश्ता नको म्हणाली.

कापणी. युफिलियाच्या फांद्यांचं एक बरं असतं: मांस फक्त टोकाच्या डोक्यावर, खाली नुसतं मृत देठ. मांसाच्या खाली दोन बोटं सोडून कापलं तर शेजारच्या डोक्याला कळतही नाही. गॉगल, रबरी हातमोजे, लोखंड कापायची बारीक करवत. मेलेलं डोकं काढलं. शेजारच्या डोक्याची कडा सुटलेली होती आणि तिच्यावर तपकिरी रेघ. दोन मिनिटं विचार केला आणि तेही काढलं. दोन्ही पिशवीत गाठ मारून कचऱ्यात. उरली तीन.

टाकीचंच पाणी लिटरभर घेऊन त्यात लुगॉलचं आयोडीन, पाणी फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत. पंधरा मिनिटं बुडवून ठेवलं, मधूनमधून पिचकारीने पाणी हलवत. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून वेगळ्या टाकीत: १० गॅलनची, म्हणजे ३८ लिटरची, एक हीटर, एक छोटा पंप, मंद दिवा. जागा वॉशिंग मशीनच्या बाजूला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

जेली नाही. तीन डोकी मिटलेली, पण मांस सांगाड्याला घट्ट. वेगळ्या टाकीतलं २० टक्के पाणी बदललं. मुख्य टाकीत हॅमर पूर्ण उघडलाय.

अँटिबायोटिकचा विचार रात्री येऊन गेला. फ्लोरिडात २०१४ साली मायामीजवळ प्रवाळांचं मांस गळून पडण्याचा रोग सुरू झाला, तिथे पाणबुडे समुद्राखाली जाऊन एकेका प्रवाळाच्या जखमेवर अमॉक्सिसिलिनचा लेप भरतात. वाचायला थरारक आहे, पण तो रोग वेगळा. जेली काढून झालेली असताना औषध घालायचं ते केवळ माझ्या मनाच्या समाधानासाठी. चार दिवसांपूर्वीच्या सोड्याची किंमत दोन डोकी झालीय. नको.

२५ ऑगस्ट, रविवार

आज सगळा दिवस चुन्यात गेला.

अल्कची नळी साफ झाली तरी त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला होता. दोन द्रावणं, दोन नळ्या, एक बंद पडली की प्रमाण बिघडणार. जुनी पद्धत आहे काल्कवासरची. जर्मन शब्द, अर्थ चुन्याचं पाणी. कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात घालून ते टाकीत थेंबथेंब सोडायचं. त्यात कॅल्शियम आणि अल्क सांगाड्याला लागतात त्याच प्रमाणात जातात. एक गेलं आणि दुसरं राहिलं असं होऊच शकत नाही. मी बादलीत पूड टाकून पळीने खळखळ ढवळत होतो, पाणी ताकासारखं पांढरं. आई डाळीचे खडे निवडत बसली होती.

"काय करतोयस?"

"काल्कवासर."

"म्हणजे?"

"चुन्याचं पाणी गं."

"मग निवळी म्हण की. आणि ढवळतोस कशाला? निवळीला ढवळत बसतात होय? एकदा ढवळायची, झाकायची, रात्रभर ठेवायची. वरची नितळ घ्यायची, गाळ तसाच ठेवायचा. साय धरली तर तीही बाजूला."

मग तिचं सुरू झालं. तिच्या लहानपणी तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या भट्टीत भाजून चुना करायचे. भाजलेल्यावर पाणी शिंपडलं की तो फसफसायचा, हात धरवत नसे इतका तापायचा. भिंतींना तोच, पानाला तोच. कोहळ्याचा पेठा करायचा तर फोडी आधी निवळीत. पोराला दूध पचेना की आजी चमचाभर निवळी घालायची. मी ऐकत होतो आणि डोक्यात गणित चाललं होतं, कारण ती म्हणत होती ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने माझ्यापेक्षा बरोबर होतं. तळाशी गाळ शिल्लक आहे याचा अर्थ वरचं पाणी पूर्ण मुरलेलं आहे, चुना याहून जास्त विरघळूच शकत नाही. त्यामुळे रोज वेगळं मोजमाप नको, नितळ निवळीची ताकद रोज तीच. साय म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून झालेलं कॅल्शियम कार्बोनेट. झाकण असेल तर ती कमी धरते. आणि मी ढवळून ढवळून तीच तर आत कालवत होतो.

हिशेब: लिटरभर पाण्यात चुना विरघळतो दीड-पावणेदोन ग्रॅम. माझी टाकी दिवसाला ०.६ अल्क खाते. २८० लिटरसाठी त्याला सव्वादोन ग्रॅम चुना पुरतो, म्हणजे रोज १.४ लिटर निवळी. टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडतं, तेव्हा १.४ लिटर निवळी आणि बाकीचं साधं आरओ, असं भरायचं. निवळीचा पीएच १२च्या वर, एकदम ओतली तर उरलेलीही डोकी जातील. रात्री आठ ते सकाळी आठ, मिनिटाला २ मिलिलिटर. रात्रीच, कारण दिवे मालवले की शेवाळं कार्बन डायऑक्साइड घेणं थांबवतात आणि टाकीचा पीएच उतरतो. निवळी तो सावरून धरते.

नळीचं टोक पाण्याच्या चार बोटं वर बांधलं. दोनदा बांधलं.

१ सप्टेंबर, रविवार

तीनपैकी दोन डोकी संध्याकाळी जरा उघडली, हात तांदळाच्या दाण्याएवढे. तिसरं जैसे थे.

कापताना देठाचा एक तुकडा जास्तीचा निघाला होता, तो ब्लीचमध्ये टाकून, धुऊन वाळवला होता. आईने हातात घेऊन उलटसुलट पाहिला. गोल कडेपासून आत मध्याकडे येणारे पातळ पातळ पडदे. म्हणाली, "सोऱ्यातली चकलीची ताटली." आता मला दुसरं काही दिसतच नाही.

मग तिने विचारलं, मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्यात पोवळ्याचे दगड आहेत, तिथून का नाही आणत लोक. सांगितलं, भारतात अशी दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१पासून. वाघ आहे त्याच यादीत. मालवणचा तो पट्टा तर १९८७पासून सागरी अभयारण्य. पुण्यात असताना मी म्हणूनच नुसते गप्पी पाळले. इथेही दगडी प्रवाळाचा तुकडा देशाबाहेर न्यायचा तर साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कागद लागतात. वाळवलेला असला तरी. आईने तुकडा बॅगेत घालायचा विचार तिथेच सोडला.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. दुपारच्या आरतीला बावीस माणसं, बाहेर उकाडा म्हणून खिडक्या बंद, एसी चालू. संध्याकाळी पाहिलं तर मुख्य टाकीचा पीएच ७.७१. एरवी ८.१ असतो. बावीस माणसांचा श्वास, कापूर, धूप. घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की तो पाण्यातही उतरतो. पूर्वी असं झालं की मी पीएच वाढवायची बाटली शोधायचो. आता स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा ओढायची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर सोडली, फटीला जुना मोजा. पाहुणे गेल्यावर दोन खिडक्या उघडल्या. दहा वाजता ७.९६.

पाहुण्यांपैकी एक काका बराच वेळ टाकीसमोर उभे होते. "सगळी फुलंच आहेत, मासे कुठायत?" म्हटलं, काका, फुलं नाहीत ती, प्राणी आहेत. "मग मांसाहारी का?" हो म्हटलं. त्यांनी प्रसादाची ताटली दुसऱ्या हातात घेतली.

१५ सप्टेंबर, रविवार

तिसरं डोकं गेलं. जेली नव्हती, वासही नव्हता. मांस वरच्या कडेपासून रोज थोडं थोडं मागे सरत गेलं आणि आज सकाळी आतला गोल रिकामा. मधल्या आठवड्यात तीनदा मनात आलं, आणखी एकदा आयोडीनमध्ये बुडवावं. बुडवलं नाही. बुडवलं असतं तर वाचलं असतं का, हा प्रश्न या छंदात विचारून उपयोग नसतो, पण रात्री भांडी घासताना विचारला.

देठ कापून काढलं नाही. उरलेल्या दोघांना परत हादरे नकोत.

लेकीने फ्रिजवर तक्ता लावलाय: पाच गोल, त्यातले तीन काळे.

२८ सप्टेंबर, शनिवार

तेरा दिवस दोन्ही डोकी रोज उघडतायत. मुख्य टाकीत हलवलं. जागा पूर्वीची नाही. खाली वाळूजवळ, दगडाच्या आडोशाला, जिथे प्रवाह थेट न येता काचेवर आपटून येतो. तळघरात मंद उजेडाची सवय झालीय, म्हणून दिवे निम्म्यावर आणलेत, दर आठवड्याला थोडे वाढवायचे. शेजाऱ्यांपासून वीतभर अंतर. टॉर्चचे हात रात्री लांबतात आणि डंखतात. आजारी असली तरी शेजारधर्माच्या बाबतीत ती पूर्वीसारखीच आहे.

मुख्य टाकीचा अल्क: ८.२, ८.३, ८.२, ८.२. निवळी सुरू केल्यापासूनचे रविवारचे आकडे. इतका कंटाळवाणा तक्ता मी तीन वर्षांत लिहिलेला नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिलं जेवण. आईने आमटीला आणलेल्या कोळंबीतली एक, मीठ-हळद लावायच्या आधी मागून घेतली. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने मोठ्या डोक्याच्या हातांवर ठेवला. आधी काहीच नाही. मग दोन हात चिकटले, मग सहा-सात, आणि सगळे मिळून तुकडा हळूहळू मध्याकडे सरकवू लागले. मधलं तोंड शिवणीसारखं उसवलं. वीस मिनिटांनी तुकडा आत. आई खुर्ची ओढून पूर्ण वेळ बसून होती. "तुझ्यापेक्षा बरं जेवतंय," म्हणाली.

छोट्या डोक्याने तुकडा सोडून दिला, तो क्लाऊन माशाने पळवला.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचं तळण. गॅसवरचा पंखा आणि खिडक्या दिवसभर चालू, पीएच ८.२. मी एकदाच चकलीची ताटली उजेडात धरून पाहिली, बायको म्हणाली ती इकडे दे.

दिवे आता ८५ टक्क्यांवर.

१० नोव्हेंबर, रविवार

आई काल निघाली. जाण्याआधी तिने निवळीचा कॅन स्वतः भरून ठेवला आणि झाकणावर मार्करने लिहिलं: ढवळू नये.

खडा धरू नये म्हणून निवळीच्या नळीचं टोक रविवारी विनेगरमध्ये ठेवतो. इतके आठवडे झाले तरी खडा धरलेला नाही, म्हणून दोन रविवार ते चुकवलं होतं. आज पाहिलं तर कडेला पांढरी रेघ. तासभर विनेगरमध्ये ठेवली, निघाली.

१५ डिसेंबर, रविवार

मोठ्या डोक्याचा गोल आता गोल राहिलेला नाही, शेंगदाण्यासारखा मध्ये आवळलाय. टॉर्चने जवळून पाहिलं (विजेच्या टॉर्चने) तर दोन तोंडं. सांगाड्याची फांदी फुटायला अजून काही महिने लागतील, पण तक्त्यात लेकीने एक काळा गोल खोडून पिवळा केला. मी म्हटलं हे नवं डोकं आहे, जुनं नाही, तर वेगळा गोल काढ. काढला.

तिसऱ्या डोक्याच्या रिकाम्या देठावर जांभळट कोरलाइन शेवाळ चढलंय. त्यातल्या चकलीच्या ताटलीत एक बारका ब्रिटल स्टार (तारामाशाचा लांब पायांचा नातलग) राहायला आलाय, रात्री दोन पाय बाहेर काढून बसतो. देठ कापायचा बेत रद्द.

आईचा व्हॉइस मेसेज: "पोवळं कसंय? आणि तू?" फोटो पाठवला.

अल्क ८.२. कॅल्शियम ४२५. मॅग्नेशियम १३२०. चुना संपत आलाय, किलोभर मागवणे. विनेगर पुढच्या रविवारी, चुकवू नये.